राखून ठेवलेली फट

छोट्या मोटरसायकलच्या हेडमध्ये एक जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचं टोक आणि त्या व्हॉल्व्हची दांडी यांच्यामधली. होंडाच्या कब घराण्यातल्या जुन्या इंजिनांना ही फट ०.०५ मिलिमीटर ठेवायची असते, म्हणजे माणसाच्या बारीक केसाएवढी. डोळ्यांना ती जेमतेम दिसते. पण व्हॉल्व्ह पुरता मिटणार की नाही, सकाळी पहिल्या किकला गाडी उठणार की नाही, भरल्या ओझ्याने घाट चढणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावर असतं.

कब हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, पण तिची नातवंडं घराघरांत आहेत. होंडाची सुपर कब जपानमध्ये १९५८ साली निघाली आणि २०१७ पर्यंत तिचं जगभरातलं उत्पादन १० कोटींवर गेलं. तिच्यासारखंच आडवं निजलेलं सिलिंडर घेऊन १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० भारतात आली, पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर. ९७.२ सीसीचं हे इंजिन महाराष्ट्रात काय काय वाहतं! दुधाचे कॅन, खताची पोती, गॅसची टाकी, पुढे एक आणि मागे दोन पोरं. त्याच्या पोटातल्या या फटीकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

त्याला थोडा इतिहासही कारण आहे. बुलेट सोडली तर मराठी माणसाची दुचाकी दीर्घकाळ टू-स्ट्रोकच होती. १९७२ पासूनची आकुर्डीची चेतक, राजदूत, येझदी, मग आरएक्स १००. या इंजिनांत असे व्हॉल्व्हच नव्हते. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या उघडायचा-झाकायचा. त्या पिढीचे हात प्लग घासण्यात आणि सायलेन्सरमधला कार्बन काढण्यात तयार झाले. फोर-स्ट्रोक आली, अ‍ॅव्हरेज दुप्पट झालं, आणि या फटीचं काम, म्हणजे टॅपेट, गॅरेजवर सोपवून सगळे मोकळे झाले.

खरं तर हे काम घरचं आहे. का, ते सांगण्याआधी फटीचं गणित.

धातू तापला की वाढतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडीही किंचित लांबते. त्या लांबण्याला जागा हवी म्हणून थंडपणी ही फट राखलेली असते. ती नसेल तर तापलेली दांडी रॉकरला जाऊन टेकते आणि व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसू शकत नाही. इनलेट व्हॉल्व्हवर निदान गार हवा-पेट्रोलचा शिडकावा तरी होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळलेला वायूच जातो. त्याचं तोंड सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापतं. बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा थोडी जास्त ठेवतात ती यामुळेच. एवढी उष्णता हा व्हॉल्व्ह टाकतो कुठे? बहुतांश सीटवर टेकलेल्या त्या क्षणभरात, सीटमार्फत हेडमध्ये. इंजिनाचे मिनिटाला ४,००० फेरे होत असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ३३ वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा मिटतो. प्रत्येक मिटण्यात त्याला निववायचा अवकाश दडलेला आहे. तो हिरावला की व्हॉल्व्हची कड जळू लागते, तिथून कॉम्प्रेशन गळतं, आणि शेवटी हेड उतरवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फट वाढली की टॅपेट वाजतात. टिक-टिक-टिक, शिलाई यंत्रासारखा आवाज. फट कमी झाली की काहीच वाजत नाही. गाडी उलट अधिक गोड चालते असं वाटतं. रॉकर आणि कॅम झिजले तर फट वाढते, आणि आपण ती ऐकतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजत आत रुतत गेला तर फट आपोआप कमी होते, आणि ते कुणाला ऐकूच येत नाही. थोडी जास्त फट असलेली गाडी आवाज करत, जराशी शक्ती गमावत पुष्कळ चालते. फट हरवलेली गाडी मुकाट्याने व्हॉल्व्ह जाळते.

आणि आपल्याकडे रिवाज उलटा आहे. एसटी स्टँडसमोरच्या गॅरेजांच्या ओळीत गाडी लागते. मालक म्हणतो, "दादा, टॅपेट वाजतायत, जरा बघा." मिस्त्री गाडी बंद करतो, झाकणं काढतो, स्क्रू अंदाजाने आवळतो, रॉकर बोटाने हलवून बघतो. पुन्हा किक मारली की आवाज गेलेला असतो आणि दोघांचंही समाधान होतं. त्या मिस्त्रीच्या बोटांत अनुभव असतो, त्याचा मान राखायलाच हवा. पण पाच शतांश मिलिमीटर आणि दोन शतांश मिलिमीटर यांतला फरक बोटाला सांगता येत नाही. शिवाय गाडी पाच-दहा किलोमीटर चालवत तिथे आणलेली असते. इंजिन गरम असतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली फट थंड इंजिनाची, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची असते. गॅरेजला ती सहसा मिळत नाही. घरी ती रोज सकाळी अंगणात उभी असते.

म्हणून सकाळचं ऊन गाडीवर यायच्या आत हे काम करावं. अवजारं फार लागत नाहीत. झाकणांचा पाना, लॉकनटचा रिंग पाना, अ‍ॅडजस्टिंग स्क्रूचं चौकोनी डोकं धरणारी छोटी चावी, प्लग पाना, सॉकेट, आणि पातळ पोलादी पात्यांचा जुडगा असलेला फीलर गेज. गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, घेताना ०.०५ चं पातं त्यात आहे ना एवढं पाहावं, कारण काही गेज त्याहून जाड पात्यापासून सुरू होतात.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरतं. स्प्लेंडरसारख्या आडव्या इंजिनात एक झाकण हेडच्या वर आणि एक खाली असतं. खालचं उघडताच ऑइलचे थेंब पडतात, म्हणून खाली जुना पेपर अंथरलेला बरा. मग डाव्या कव्हरवरच्या दोन टोप्या काढायच्या: मोठीतून सॉकेट घालून मॅग्नेट फिरवायचा, छोटीतून खूण बघायची. मॅग्नेटवर दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, टी आणि एफ. एफ ही ठिणगीची खूण. आपल्याला टी हवी. नवखा माणूस घाईत एफवर थांबतो आणि सगळं माप चुकतं.

टी जुळली तरी काम संपत नाही. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा जळलेला वायू बाहेर ढकलताना, आणि टी दोन्ही वेळा दिसते. खात्रीचा मार्ग डोळ्यांचा आहे. मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवत वरच्या झाकणातून इनलेटच्या रॉकरकडे बघत राहावं. तो व्हॉल्व्ह दाबतो, मग सोडतो. त्यानंतर जी पहिली टी येते ती आपली. आता दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत.

इथून पुढचं सगळं बोटांचं. पातं फटीत सरकवायचं. ते गेलं पाहिजे, पण ओढताना किंचित अडलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी धातू हलकेच धरतोय हे जाणवलं पाहिजे. त्याहून जाड पातं आत जाता कामा नये. पातं शिरतच नसेल तर लॉकनट सैल करून स्क्रू थोडा मागे घ्यायचा. आणि मग कसोटीचा क्षण: स्क्रू चावीने जागच्या जागी धरून लॉकनट आवळायचा. आवळताना नट स्क्रूलाही आपल्याबरोबर फिरवतो आणि मघाशी नीट बसलेलं माप बदलतं. त्यामुळे नट आवळल्यावर पुन्हा पातं घालून बघणं टाळू नये. बहुतेकांना दोन-तीनदा सोडावं-आवळावं लागतं. यात कमीपणा काहीच नाही. चांगले मिस्त्रीही हेच करतात.

सगळ्याच गाड्या इतक्या सोयीच्या नाहीत. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पातंच लागत नाही. उजव्या बाजूचं कव्हर काढून पुशरॉड बोटांनी मोकळा फिरतो पण वरखाली हलत नाही, एवढं बघतात. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकमध्ये फट मोजलेल्या जाडीच्या चकतीने, म्हणजे शिमने, ठरते आणि ती बदलायची तर कॅमशाफ्ट उतरवावी लागते. ते काम अंगणातलं नाही. स्क्रू आणि लॉकनट असलेली छोटी गाडी मात्र घरी जमते. आकडा तेवढा आपल्याच गाडीच्या पुस्तिकेतला घ्यावा, शेजारच्या गाडीचा नव्हे.

आणि ज्यांना हे स्वतः करायचं नाही, वेळ नाही किंवा धीर होत नाही, त्यांनी एवढं तरी करावं. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला सोडून यावी. मिस्त्रीला "आवाज घालव" म्हणू नये. "सकाळी थंड असताना फीलर गेज लावून गॅप बघ, आणि थोडी टिक-टिक राहिली तर राहू दे" असं सांगावं.