सूर्यास्ताआधी, पायी अंतरावर

रायगडच्या किनाऱ्यावरील व्यापारी कुटुंबांना मुंबई परकी नाही. आमचे आजोबा रेवसहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरत. आम्ही अलिबागहून मांडव्याला जातो आणि साधारण तासाभरात गेटवे ऑफ इंडियाला पोहोचतो. खरेदीची ठिकाणे मात्र फारशी बदललेली नाहीत. कापडासाठी मंगळदास आणि मुळजी जेठा मार्केट, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, औषधांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट, दागिन्यांसाठी झवेरी बाजार, सुकामेव्यासाठी मशीद बंदर. हा सारा परिसर पायी फिरण्याजोगा आहे. व्यापाराचा प्रश्न तेथे चालता चालता सुटतो. भोजनाचा प्रश्न मात्र आपल्यासारख्यांसाठी अजूनही विचार करायला लावणारा आहे.

पूर्वी तो डब्याने सोडवला जाई. खाखरे, थेपले आणि सुखडी घेतली की एक दिवस निभावत असे. परंतु घरातील ज्येष्ठांना डॉक्टरांकडे न्यायचे असते, किंवा लग्नाच्या खरेदीसाठी तीन दिवस मुक्काम करावा लागतो, तेव्हा ताटात गरम अन्न हवे असते. अशाच एका मुक्कामात आमच्याकडून जी चूक झाली, तिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही मुंबईत होतो. तिचा चौविहार कित्येक वर्षांत चुकलेला नाही. तपासणी आटोपली तेव्हा पाच वाजत आले होते. कुणीतरी सुचवलेले, 'जैन भोजन मिळेल' अशी पाटी असलेले एक नामांकित उपाहारगृह तेथून तीन किलोमीटरवर होते. टॅक्सीने दहा मिनिटे लागतील, असा आमचा हिशेब. वाहनांच्या गर्दीत त्या दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. आत शिरलो तर जैन पदार्थ वेगळे करावे लागतील, वीस मिनिटे थांबा, असे उत्तर मिळाले. बाहेर दिवे लागले होते. आईने शांतपणे हात जोडले. त्या रात्री तिने पाण्याचा थेंबही घेतला नाही. सकाळी नवकारशीनंतर उकळलेले पाणी घेतले, तेच पहिले. आम्ही खंत व्यक्त करू लागलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "माझा नियम मोडला नाही. तुमचे नियोजन मोडले."

तिचे म्हणणे खरे होते. चांगले उपाहारगृह म्हणजे चविष्ट आणि नावाजलेले, अशी आपली समजूत असते. चौविहार पाळणाऱ्यासाठी चांगले ते, जेथे काम संपल्यावर पायी, वेळेत पोहोचता येते. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जुलैच्या आरंभी तो सव्वासातनंतर मावळतो. म्हणजे एकाच शहरात, एकाच गल्लीत, हिवाळ्याचा आणि पावसाळ्याचा जेवणाचा वेळ तासाहून अधिक फरकाने बदलतो. त्यातून दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे आधी भोजन आटोपावे असा ज्यांचा नियम, त्यांना हिवाळ्यात सव्वापाचलाच ताटावरून उठावे लागते. वाहनाचा वेळ आपल्या हाती नसतो, पायांचा असतो. आपले साधु-साध्वी विहाराची मजल सूर्याच्या हिशेबाने ठरवतात. गृहस्थाने प्रवासात निदान भोजनापुरता तो हिशेब ठेवायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायधुनीला गोडीजी पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो. १८०३ साली कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती कोटाबाहेर वाढत गेली. पायधुनी, भुलेश्वर, काळबादेवी या भागांत व्यापाऱ्यांच्या पेढ्या आल्या तशी देरासरे आली, आणि देरासरांच्या आसपास धर्मशाळा व भोजनालये आली. सी. पी. टँकजवळची, दिगंबर समाजाचे दानवीर शेठ माणिकचंद यांच्या घराण्याची हिराबाग धर्मशाळा हे त्याच परंपरेतील एक नाव. बाजार, मंदिर आणि भोजन यांत तेथे काही मिनिटांचेच अंतर असते. बाहेरगावच्या माणसाने शोध कोठून सुरू करावा, याचे उत्तर या रचनेतच आहे: आधी देरासर शोधावे.

दर्शनानंतर ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध श्रावकांना आम्ही भोजनाची सोय विचारली. काय जेवायचे आहे, हे त्यांनी विचारलेच नाही. "दुपारी चार वाजता तुम्ही कोठे असाल?" असा त्यांचा प्रश्न होता. त्यावरून त्यांनी सारा दिवस मांडून दिला. काळबादेवीत दादीशेठ अग्यारी गल्लीतील श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून गुजराती थाळीसाठी प्रसिद्ध आहे. चर्चगेटच्या बाजूला काम असेल तर जमशेदजी टाटा मार्गावर सम्राट आहे. ताडदेवच्या भाटिया रुग्णालयात कुणाला पाहायला जायचे असेल तर समोरच १९६३ साली सुरू झालेले स्वाती स्नॅक्स आहे. पण थाळीची पुष्कळ भोजनालये दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा उघडतात. हिवाळ्यात तोवर सूर्य मावळलेला असतो. म्हणून थाळी दुपारी घ्यावी, आणि चौविहारासाठी भोजनशाळा किंवा दिवसभर चालू राहणारे उपाहारगृह आधीच पाहून ठेवावे. भोजनशाळेत कूपन सकाळीच घ्यावे, कारण पाने मोजून स्वयंपाक होतो.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही त्या दिवशी साडेचारला मंगळदास मार्केटमधून निघालो. आईच्या चालीने दहा-बारा मिनिटे लागली. मुगाची डाळ, भात, दुधीची भाजी, गरम पोळी. साधेच अन्न, पण पाचच्या आत ती ताटावर बसली होती, आणि आम्हीही निर्धास्त जेवलो.

विचारण्याची पद्धतही आम्ही त्या मुक्कामात शिकलो. "कांदा-लसूण नको" एवढ्याने भागत नाही. बटाटा, गाजर, आले, ओली हळद यांची नावे घेऊन विचारावे. डाळीत आले वाटून घातले आहे का, कच्च्या दह्याबरोबर कडधान्य आहे का, हे बसण्यापूर्वीच विचारावे. वाढपी घाईत असतो. गल्ल्यावर बसलेल्यांना विचारल्यास नेमके उत्तर मिळते. नाही म्हणाले तर रागावू नये. खोट्या 'हो'पेक्षा खरा 'नाही' केव्हाही बरा. परतीची शेवटची बोट संध्याकाळीच सुटत असल्याने त्याच दिवशी परतणाऱ्यांनी आपला चौविहार बोटीच्या वेळेआधी धरावा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा रस्त्याने वडखळमार्गे येताना डबा जवळ असलेलाच बरा.

घरी परतताना, बोट धक्क्यापासून दूर जात असता, आईने वेगळाच प्रश्न काढला. मुंबईने आपली सोय केली. मुंबईची माणसे आपल्याकडे येतात तेव्हा त्यांचे काय होते?

प्रश्न अवघड होता. सुटीच्या दिवसांत अलिबाग, नागाव, मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर पर्यटकांनी भरून जातात. त्यांत आपलीही कुटुंबे असतात. किनाऱ्यावरच्या खाणावळी मासळीसाठी नावाजलेल्या. शेतातून निघणारी प्रसिद्ध वस्तू म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा. हिवाळ्यातल्या पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर बटाटेही असतात, आणि पुष्कळदा अंडीही. वालाचे बिरडे मोड आणून होते, म्हणून अनेक घरांत तेही वर्ज्य. कुलाबा किल्ल्यामागे सूर्य बुडताना पाहण्यासाठी सारे गाव समुद्रावर जमते, आणि आपली पाहुणी मंडळी नेमकी त्याच वेळी जेवण शोधत फिरत असतात.

मोठी भोजनशाळा बांधणे प्रत्येक गावाला शक्य नाही. पण घावन, केळीची भाजी, कच्च्या फणसाची भाजी, कोकमाचे सार, आमरस यांतून कोकणचे संपूर्ण जैन ताट होऊ शकते. एखाद्या शाकाहारी खाणावळीच्या मालकाला हे नीट लिहून दिले आणि पाचची वेळ ठरवून दिली, तर तोही आनंदाने करतो. आम्ही एका ठिकाणी तसे करून पाहिले आहे. आमच्या दुकानातही आता एक कागद लावला आहे. त्यावर त्या दिवसाच्या सूर्यास्ताची वेळ असते आणि खाली एक ओळ: जैन भोजनाची चौकशी येथे करावी. गेल्या डिसेंबरात दोन कुटुंबे तो वाचून आत आली. एका घरातील आजींचे एकासणे होते आणि दुपार कलत आली होती. आईने त्यांना बाजूच्या गल्लीतून, चार मिनिटे चालवत, घरीच नेले.