लॅपटॉपला घाम येत नाही

लॅपटॉप तापतो तो हवा कमी पडते म्हणून, असं माझं ठाम मत होतं. आता ते राहिलेलं नाही. हवेचा वाटा आहे, पण मागाहूनचा.

घर ठाकुर्ली पूर्वेला, पश्चिमेच्या उन्हाचं. घरून काम असलं की लोकलची चेंगराचेंगरी वाचते, म्हणून टेबलावर ऑफिस थाटलंय. झाकण मिटलेला लॅपटॉप डॉकला जोडलेला, पुढ्यात दोन मॉनिटर. मे महिन्यात भर दुपारी त्याचा आतला पंखा असा घोंघावायचा की मीटिंगमधली माणसं विचारायची, मिक्सर चालू आहे का? मग कूलिंग पॅड आणलं. टेबलफॅनही त्याच्याकडे वळवला आणि मी घामाघूम बसलो. यावर घरातून काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते मुख्यतः घाम वाळतो म्हणून. खोलीतली हवा ३६ अंशांवर असेल तर पंखा लावल्यावरही ती ३६वरच राहते. लॅपटॉपला घाम येत नाही. वारा त्याची उष्णता लवकर वाहून नेईल, पण खोलीपेक्षा गार त्याला करू शकणार नाही. शिवाय बहुतेक लॅपटॉप हवा ओढतात तळातून. वरून कितीही वारा घातला तरी तिथे फारसा पोचत नाही.

मग मी प्रश्न उलटा केला: इतकी उष्णता येते कुठून? आमच्या ठाकुर्लीत रेल्वेचं कोळशावरचं चोळा पॉवर हाऊस होतं, ते कधीच बंद पडलं. तसल्या केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची उष्णता सोडून द्यावी लागते. लॅपटॉपचा हिशेब त्याहून सरळ आहे. त्याने ४५ वॅट वीज खाल्ली की जवळजवळ ४५ वॅट उष्णता खोलीत. डॉकवर तो जास्तच खातो, कारण वायर कायम लावलेली, त्यामुळे बॅटरी वाचवायची काटकसर बंद. बऱ्याच मोठ्या लॅपटॉपमध्ये बाहेरचे मॉनिटर वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेले असतात. मॉनिटर चालू असेतो ती चिप झोपत नाही.

म्हणून गार करण्याआधी तापवणं कमी केलं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १००ची ९९ टक्के केली. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये त्यामुळे टर्बो, म्हणजे ठरल्या वेगापलीकडची धाव, बंद होते. आणि खरी वीज तीच पिते. एक्सेल, मेल, मीटिंग यांत फरक जाणवला नाही. व्हिडिओचं काम रेंगाळतं हे खरं, ते मी रात्री लावून झोपतो. बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलं, कारण उष्णतेत पूर्ण भरून ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. झाकण आता अर्धवट उघडं असतं, मागची बाजू इंचभर उचललेली.

कूलिंग पॅड माळ्यावर गेलं. नवं घ्यायच्या विचारात असाल तर आधी ती सेटिंग बदलून पाहा, फुकट आहे. मात्र लॅपटॉप जुना असेल तर त्याआधी आतल्या पंख्यातली धूळ काढून घ्या. जाळी तुंबलेली असेल तर नुसत्या सेटिंगने भागणार नाही.