नवा क्लच

चिरंजीवांनी आपल्या मोटारीच्या इंजिनाचा जोर हौसेने वाढविला, आणि जुना क्लच घसरू लागला. मग शर्यतीच्या मोटारींचा नवा बसला. वर्ध्याच्या मेकॅनिकने मला बजावले, “सर, पहिले 800 किलोमीटर बेतानं, आणि गावातच.”

चिरंजीव हिरमुसले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरांचा टप्पा 2022 च्या डिसेंबरात खुला झाला, तेव्हापासून तो आमच्या जिल्ह्यातूनच जातो. एका फेरीत काम भागेल, असा त्यांचा तर्क. पण भरधाव मोटारीत प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांना घट्ट धरून फिरतात. घर्षण होते ते मोटार जागची हलताना. नवी प्लेट डोळ्यांना सपाट दिसली, तरी आरंभी तिचे उंचवटेच काय ते टेकतात. ते हळूहळू झिजले, म्हणजे सगळी पाठ नीट बसते. घाई केल्यास तेवढेच तापतात, त्यांवर काचेसारखी चकाकी चढते, आणि प्लेट पुन्हा घसरते.

म्हणून आम्ही दोघे बजाज चौक, बाजार, सेवाग्रामचा रस्ता असे थांबतथांबत हिंडतो. कधी पवनारला धाम नदीपर्यंत. गाय आडवी आली की मला (आणि क्लचलाही!) बरे वाटते. एरवी आमचे बोलणे दूरध्वनीवरचे, दोन मिनिटांचे. परवा एका फाटकाशी चिरंजीवांनी पुण्याची नोकरी सोडण्याचा विचार प्रथमच बोलून दाखविला. फाटक उघडले, मागच्यांनी भोंगे वाजविले. मी सावकाश क्लच सोडला.

काटा अजून 310 वर आहे.