उतरलेला आंकडा

फ्ल्यूनें पांच दिवस अंथरुणाला खिळवून ठेवल्यानंतर सहाव्या दिवशीं मी उठलों आणि पहिलें काम केलें तें रक्त तपासून घेण्याचें. आपण बरे झालों हें कोणीतरी लेखी दिल्याखेरीज माणसाला खरेंच वाटत नाहीं!

अहवाल हातीं पडला आणि मला आनंदाचें भरतें आलें. गोळीला आणि पथ्याला इतकीं वर्षें दाद न देणारें माझें कोलेस्टेरॉल चक्क तीस अंकांनीं उतरलें होतें. मीं तो कागद पत्नीला वाचून दाखविला, साजूक तुपाची बरणी मागितली आणि गोळी बंद करण्याचा मनसुबाहि जाहीर केला. तिनें बरणी दिली नाहीं. डॉक्टरांना टेलिफोन केला.

"नाना, हें तुमचें कर्तृत्व नव्हे, तापाचा प्रताप आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांनीं सांगितलें तें असें. श्वसनमार्गांत विषाणू शिरला कीं प्रतिकाराचे संदेश रक्तांतून यकृतापर्यंत पोंचतात आणि यकृत चरबीचा सारा जमाखर्च बदलून टाकतें. वाईट म्हणून बदनाम झालेलें एल्.डी.एल्. उतरतें, तसेंच चांगलें म्हणविणारें एच्.डी.एल्.हि उतरतें; ट्रायग्लिसराइडें मात्र पुष्कळदां चढतात. माझ्या कागदावर हें सारें होतें. मीं सोयीची तेवढीच ओळ वाचली होती. शिवाय जें एच्.डी.एल्. उरतें त्याचीहि घडण पालटते. त्याच्या अंगच्या मूळ प्रथिनाची जागा सीरम अमायलॉइड ए नांवाचें दुसरेंच प्रथिन बळकावतें, आणि रक्तवाहिन्यांतलें कोलेस्टेरॉल उचलून नेण्याचें त्याचें काम मंदावतें. खुद्द फ्ल्यूचा विषाणू तर आपलें आवरण आपल्याच पेशींच्या कोलेस्टेरॉलयुक्त पटलांतून घेतो. चोरानें घरधन्याचीच शाल पांघरून निघावें, तसा हा प्रकार! कोविडच्या साथींतहि ज्यांचें कोलेस्टेरॉल फार घसरलें, त्यांचें दुखणें बहुधा अधिक गंभीर असे.

पुढचें वाक्य त्यांनीं जरा थांबून उच्चारलें. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत झालेल्या आणि 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, फ्ल्यू तपासणींत निश्चित झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यानें इस्पितळांत जाण्याचें प्रमाण एरवींच्या सुमारें सहापट असतें. म्हणजे कागद धीर देत होता तो नेमका त्याच दिवसांत!

माझे वडील असेच एका तापांतून उठले आणि चौथ्या दिवशीं छातींत कळ येऊन गेले. तेव्हां आम्हीं दैवाला बोल लावला होता. त्या तापाची कोणाला आठवणहि झाली नाहीं.

सहा आठवड्यांनीं पुन्हां रक्त दिलें. आंकडा आपल्या जुन्या जागीं परत आला होता. पत्नीनें तो कागद घडी घालून कपाटांत ठेवला आणि गोळीबरोबर पाण्याचा पेला पुढें केला.