पाइपमधून येणाऱ्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४, नोएडा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांवरच्या तासातासाच्या नोंदी सीएसव्ही फायलींमध्ये उतरवून ठेवल्या आहेत. त्यांतून हवेतल्या पीएम २.५ या बारीक कणांची चोवीस तासांची सरासरी काढणारं पॉवरशेल फंक्शन लिहायला घेतलं. शहर आणि केंद्र असे दोन पॅरामीटर. केंद्रांची नावं 'व्हॅलिडेटसेट' या मान्य किमतींच्या यादीत हातानं भरली, तर नवं केंद्र आलं की स्क्रिप्ट पुन्हा उघडावी लागणार. म्हणून 'केंद्र' हा पॅरामीटर डायनॅमिक ठेवला. शहर दिल्ली दिलं की 'डायनॅमिकपॅरम' ब्लॉक त्या शहराच्या फोल्डरमधल्या फायलींची नावं वाचतो, आणि टॅब दाबल्यावर आनंद विहार, आर. के. पुरम, पंजाबी बाग समोर येतात. नोएडा दिलं की सेक्टर ६२, सेक्टर १२५. अशा पॅरामीटरला स्वतःचं व्हेरिएबल मिळत नाही. त्याची किंमत 'पीएसबाउंडपॅरामीटर्स'मधून काढून घ्यावी लागते.

१५ नोव्हेंबर

गुरू नानक जयंतीची सुट्टी. आजपासून ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषणावरच्या टप्प्याटप्प्याच्या निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागू. खिडक्या बंदच.

नोंदी फंक्शनमध्ये पाइपमधून सोडायच्या आहेत, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या हाती. डग मॅकिलरॉयनं १९६४ सालच्या टिपणात प्रोग्राम बागेच्या नळीसारखे एकमेकांना जोडता यावेत असं सुचवलं, आणि १९७३ साली केन थॉम्प्सननं युनिक्समध्ये पाइप आणला. त्या पाइपमधून नुसते बाइट वाहतात. पॉवरशेलच्या पाइपमधून अख्खं ऑब्जेक्ट येतं, म्हणजे प्रत्येक नोंदीसोबत तिचं शहर, केंद्र आणि वेळही. अशा कामासाठी मला हेच आवडतं, कारण रकाने मोजत बसावं लागत नाही.

१८ नोव्हेंबर

सकाळी आठपासून चौथा टप्पा. दहावी-बारावी सोडून दिल्लीतल्या शाळा ऑनलाइन. आम्हीही घरूनच.

नागपूरच्या नव्या सहकारी मुलीचा फोन आला. "ताई, केंद्र नावाचा पॅरामीटरच नाही म्हणून राहिला ना हा! काहून?" तिनं सगळ्या शहरांच्या ओळी पाइपमधून सोडल्या होत्या. शहर प्रत्येक ओळीत होतंच, ते वेगळं कशाला लिहायचं, हा तिचा विचार. प्रश्न अगदी रास्त आहे. पण पॉवरशेल आधी कमांडच्या ओळीवर लिहिलेलं बांधतो, त्याच वेळी 'डायनॅमिकपॅरम' चालवतो आणि मग पाइपमधला पहिला ऑब्जेक्ट आत घेतो. यादी बनवायच्या क्षणी शहर रिकामंच असतं. शहर नाही म्हणून यादी नाही, यादी नाही म्हणून 'केंद्र' जन्मालाच येत नाही. वाहत येणाऱ्या गोष्टीवर जे अवलंबून आहे, ते प्रत्येक नोंदीसाठी चालणाऱ्या 'प्रोसेस' ब्लॉकमध्येच तपासता येतं.

संध्याकाळी दोघींनी मिळून रचना बदलली. नोंदींचे शहर आणि केंद्र यांनुसार 'ग्रुप-ऑब्जेक्ट'नं गट करायचे. मग प्रत्येक गटासाठी फंक्शनला वेगळी हाक. शहर आणि केंद्र कमांडवर लिहून, नोंदी फक्त पाइपमधून.

१९ नोव्हेंबर

'डायनॅमिकपॅरम' असलेल्या फंक्शनमध्ये मोकळी विधानं चालत नाहीत, सगळं नावाच्या ब्लॉकमध्येच हवं. ही सक्ती मला बरी वाटते. ती नसलेल्या साध्या फंक्शनमध्ये 'प्रोसेस' लिहिला नाही, तर सगळा मजकूर 'एंड' समजून चालतो आणि हाती फक्त शेवटची नोंद उरते. आमच्याकडे 'बिगिन'मध्ये बेरीज शून्य, 'प्रोसेस'मध्ये एकेक तास मिळवायचा, 'एंड'मध्ये भागाकार.

दिवसाचा मोठा भाग रिकाम्या रकान्यांवर गेला. यंत्र बंद पडलं की तो तास कोरा येतो. सीएसव्हीतून सगळं मजकूर म्हणून येतं, आणि कोरा मजकूर 'डबल'मध्ये बदलला की पॉवरशेल कुरकूर न करता शून्य देतो. ते शून्य बेरजेत आणि तासांच्या मोजणीत शिरलं, तर आनंद विहारची हवा कागदावर स्वच्छ होते. चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फिरायला पाठवायचं की नाही, हे लोक असे आकडे बघून ठरवतात. म्हणून 'प्रोसेस'मध्ये आधी कोरा रकाना गाळायचा, मगच आकडा करायचा. राष्ट्रीय निर्देशांकासाठी किमान सोळा तासांची माहिती लागते. 'एंड'मध्ये तीच अट घातली. कमी असेल तर सरासरी द्यायचीच नाही, 'माहिती अपुरी' एवढं लिहायचं.

२० नोव्हेंबर

महाराष्ट्रात मतदान. नागपूरकर मुलगी मत द्यायला गेली.

फंक्शनच्या मदतमजकुरात दोन ओळी वाढवल्या: शहर कमांडवरच द्यावं, पाइपमधून घेतलं जाणार नाही, आणि अनेक शहरं असतील तर आधी गट करावेत. खाली तिचंच उदाहरण चालत्या रूपात दिलं.