नाकारलेला पंप आणि फुफींचे दोन आणे

आपल्याकडे कुणाचा पेट्रोल पंपाचा अर्ज फेटाळला गेला की संध्याकाळपर्यंत त्याचे कारणही ठरून जाते. "नाम देख के काट दिये." पुढे कुणी काही विचारत नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. भाड्याच्या घरापासून बँकेच्या कर्जापर्यंत ते अनेकदा खरेही ठरते, म्हणून बोलणाऱ्याला मी हसत नाही. पण माझ्या चुलतभावाच्या अशाच एका अर्जाचे कागद घेऊन मी बराच हिंडलो, आणि हे वाक्य आपण जरा घाईने बोलतो असे मला वाटू लागले आहे.

एक काळ असा होता की पंप मिळायचा तो कुणाच्या तरी मेहेरबानीने. मंत्र्याच्या हातात कोटा असे. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने कॅप्टन सतीश शर्मा यांनी पेट्रोलियम मंत्री असताना या कोट्यातून दिलेले १५ पंप रद्द केले आणि त्यांना ५० लाख रुपये भरायला सांगितले. (ही रकमेची शिक्षा १९९९ मध्ये कोर्टानेच मागे घेतली.) मग निवड मंडळे आली, मुलाखती आल्या, मुलाखतीचे गुण आले. २००२ च्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत याद्या छापून आल्या, कुठल्या पुढाऱ्याच्या कुठल्या नातेवाइकाला पंप मिळाला त्याच्या. तेव्हा हे खाते राम नाईकांकडे होते. वाजपेयी सरकारने गडबडीत जानेवारी २००० पासूनचे सगळेच वाटप रद्द करून टाकले. ज्यांनी सरळ मार्गाने पंप मिळवला तेही त्यात भरडले. ते कोर्टात गेले आणि २० डिसेंबर २००२ रोजी सुप्रीम कोर्टाने हा सरसकट निर्णय रद्द केला. ज्यांच्याबद्दल बोभाटा झाला होता ती ४१३ प्रकरणे तेवढी दोन निवृत्त न्यायाधीशांच्या समितीकडे सोपवली.

त्या मुलाखतींच्या काळात नाव बघून काट मारणे किती सोपे असेल! समोरच्याने पाच गुण कमी दिले तर ते का दिले हे कुणाला विचारणार? आपल्या वडीलधाऱ्यांचे वाक्य त्या काळातले आहे आणि त्या काळापुरते मला त्यावर वाद घालायचा नाही.

आता मुलाखत नाही. सोडत निघते. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी देशभर हजारो ठिकाणांसाठी एकत्र जाहिरात काढली. अर्ज ऑनलाइन. ज्याच्याकडे योग्य जमीन आहे तो पहिल्या गटात, ज्याच्याकडे जमीन मिळण्याचा पक्का करार आहे तो दुसऱ्यात, ज्याच्याकडे काहीच नाही तो तिसऱ्यात. पहिल्या गटात कुणी पात्र ठरला तर दुसऱ्या गटाची पाळीच येत नाही. त्यामुळे जो तो पहिल्या गटात बसायला बघतो. भाडेपट्टा असेल तर तो किमान १९ वर्षे ११ महिन्यांचा हवा. आणि यातली खोच अशी की अर्ज करताना कागद जोडायचे नसतात, फक्त माहिती भरायची. सोडतीत नाव निघाले की मग कागद तपासतात, जमीन मोजतात. म्हणजे आधी पेढे वाटले जातात आणि फेटाळल्याचे पत्र नंतर येते.

नाव बघून दार बंद होण्याची एक जागा मात्र आजही आहे, आणि ती कुणा साहेबाच्या मनात नाही, छापील कायद्यात आहे. काही ठिकाणे अनुसूचित जातींसाठी राखीव असतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे मुसलमान अनुसूचित जातीचा असूच शकत नाही. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले, मुसलमान मेहतर बाहेरच राहिला. त्याने पिढ्यान्पिढ्या तेच काम केले तरी त्या जागेसाठी अर्ज करता येत नाही. "नाम देख के" म्हणायचे तर ते इथे म्हणायला हवे, पण यावर चहाच्या टपरीवर मी फारसे कुणाला बोलताना ऐकले नाही.

आता चुलतभावाकडे येतो. त्याचे हायवेला स्पेअर पार्ट्सचे दुकान आहे. आमच्या दादांची रस्त्याला लागून दीड एकर जमीन, म्हणजे ६० गुंठे. सातबाऱ्यावर तीन नावे: माझे अब्बा, त्याचे वडील म्हणजे माझे मधले चच्चा, आणि धाकटे चच्चा. सामायिक खाते. तोंडी वाटणी केव्हाच झालेली, रस्त्याकडचा तुकडा मधले चच्चा कसतात. जाहिरातीचा नियम असा की जमीन सामायिक असेल तर अर्जदाराच्या कुटुंबाचा हिस्सा एकटाच मापात बसला पाहिजे आणि बाकीच्या मालकांचे ना हरकत पत्र हवे. त्या ठिकाणाला साधारण १८ गुंठे लागत होते. ६० गुंठ्यांचे तीन भाग, २० गुंठे. त्याने पहिल्या गटात अर्ज भरला आणि सोडतीत त्याचे नाव निघाले. त्या रात्री आमच्या घरी बिर्याणी झाली.

तीन-चार महिन्यांनी पत्र आले. कारण एका ओळीत: देऊ केलेली जमीन अटींची पूर्तता करत नाही. कोणती अट, ते नाही. घरात तेच जुने वाक्य निघाले.

मी त्याला घेऊन औरंगाबाद खंडपीठात काम करणाऱ्या एका वकिलांकडे गेलो. पत्र वाचून ते खूशच झाले. म्हणाले, अशी मोघम पत्रे कोर्टात टिकवणे कंपनीला जड जाते. भारत पेट्रोलियम ही घटनेच्या दृष्टीने 'राज्य' आहे हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगितले, आणि तेही बर्मा शेलच्या एका निवृत्त कारकुनाच्या पेन्शनच्या भांडणात. सरकारी मालकीच्या बाकीच्या तेल कंपन्यांनाही तोच न्याय. तेव्हा खासगी दुकानदारासारखे "आमची मर्जी" असे म्हणता येत नाही. मोहिंदर सिंग गिल यांच्या १९७७ च्या निकालाप्रमाणे आदेशात जे कारण लिहिले तेच धरायचे, नंतर शपथपत्रात नवी कारणे जोडायची नाहीत. पंप मिळणे हा हक्क नाही, पण ठरलेल्या नियमांनी तपासले जाणे हा हक्क आहे.

मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या ठेक्यावरून रमण्णा शेट्टींचा खटला झाला. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठणकावून सांगितले की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतः पाळलीच पाहिजे. सगळे वकील हा निकाल दाखवतात. पण त्या खटल्यात अर्जदाराला हाती काही लागले नाही. तो पाच महिन्यांहून जास्त उशिरा आला होता आणि ज्याला ठेका मिळाला त्याने तोवर सव्वा लाख रुपये खर्चून बसवले होते. "तेव्हा मियाँ, आठ दिवसांत कागद आणा."

कागद पाचव्या दिवशी तयार झाले. अब्बांची आणि धाकट्या चच्चांची संमती मिळाली. याचिकेच्या मसुद्यात एक वाक्य होते: सदर जमिनीत याचिकाकर्त्याचे वडील व त्यांचे दोन भाऊ यांखेरीज अन्य कोणाचाही हक्क वा हितसंबंध नाही. त्याखाली माझ्या भावाने शपथेवर सही करायची होती.

सहीच्या आदल्या दिवशी तो थोरल्या फुफींकडे दुआ घ्यायला गेला. त्यांनी दुआ दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि सहज विचारले, "उस में हमारा भी कुछ है के नहीं, बाबा?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर माहीत नव्हते. दादा वारले तेव्हा दादी हयात नव्हत्या. मागे तीन मुलगे, दोन मुली. मुलाला दोन भाग, मुलीला एक. एकूण आठ भाग, म्हणजे रुपयातले चार-चार आणे भावांचे आणि दोन-दोन आणे बहिणींचे. हा हिशोब आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सातबाऱ्यावर मात्र दोन्ही बहिणी नाहीत. वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याकडे तीनच नावे गेली.

अब्बांना विचारले तर म्हणाले, बहनों ने माफ कर दिया था. कधी? आठवत नाही. कुणासमोर? तेही नाही. अशी किती माफी आपल्या घराघरांत पडून असेल, जी देणाऱ्याला कुणी मागितलीच नव्हती! शरीयतमध्ये ढवळाढवळ नको म्हणून आपण सभा घेतो, निवेदने देतो. आणि त्याच शरीयतने लेकीला दिलेले दोन आणे तलाठ्याच्या टेबलापर्यंत पोहोचता पोहोचता गायब होतात. १९३७ च्या शरीयत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली होती हे मला ठाऊक आहे, काही जण लगेच ते तोंडावर फेकतात. पण बहिणीचे नाव वगळताना त्या कायद्याचे कलम कुणी वाचलेले नसते.

भावाने मोबाइलवर गणित केले. ६० गुंठ्यांतले चार आणे म्हणजे १५ गुंठे. हवेत १८. फुफी धरल्या तर त्याच्या वडिलांचा हिस्सा मापातच बसत नव्हता.

वकिलांना विचारले. ते चांगले गृहस्थ, पण त्यांचा धंदा वेगळा. म्हणाले, उताऱ्यावर नाव नाही, कंपनीने विचारलेले नाही, तुम्ही कशाला काढता? फुफींकडून त्यांचा भाग पट्ट्याने घेतला तर? भागणार नाही, पट्टा अर्जाच्या तारखेआधीचा हवा. हिबा? आपल्या कायद्यात तोंडी हिबाही चालतो. दिल्याचे सांगणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा, एवढे पुरते. लेखी असला तरी नोंदणी सक्तीची नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हफीजा बीबी प्रकरणात सांगितले आहे. पण त्यासाठी दोन्ही फुफींनी अर्जाआधी हिबा केला होता असे म्हणावे लागले असते. तो त्यांनी केला नव्हता. वकील गप्प बसून आमच्याकडे बघत राहिले. खोटे त्यांनी सांगितले नाही, आम्ही सांगावे का ते आमच्यावर सोडले.

माझ्या भावाला मी साधू म्हणून रंगवणार नाही. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. घरातल्या प्रत्येकावर ओरडला, माझ्यावर जास्त. "आप लोगों ने पहले नाम चढाया होता तो मैं दूसरे गट में भरता." यात चूक काय होती? दादा गेले तेव्हाच पाच नावे चढली असती तर त्याला आपले १५ गुंठे आधीच कळले असते, त्याने फुफींकडून पट्टा करून घेतला असता आणि कदाचित सोडतीआधीच सगळे सरळ झाले असते. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. आमच्याकडे त्याला तीस वर्षे होत आली.

त्याने सही केली नाही. याचिका दाखल झाली नाही. त्या ठिकाणी कंपनीने पुढची सोडत काढली आणि पंप दुसऱ्याला गेला. तोही एका शेतकऱ्याचाच मुलगा, फक्त त्याच्या वडिलांची जमीन एकट्याच्या नावावर होती. भाऊ त्या पंपावर डिझेल भरत नाही, चार किलोमीटर पुढे जातो.

बिरादरीत आजही विचारले तर लोक सांगतील, नाम देख के काट दिये. भाऊ ते ऐकतो, दुरुस्त करत नाही. मीही त्याच्या देखत करत नाही.

मागच्या वर्षी दोन्ही फुफींच्या नावाने वारस नोंदीचा अर्ज दिला. अब्बांनी आणि मधल्या चच्चांनी जबाब दिले. नोटीस चावडीवर लागली आणि मुदतीच्या आत धाकट्या चच्चांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, बहिणींनी माफ केले आहे. त्यामुळे ती आता तक्रारी नोंद झाली आहे आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. थोरल्या फुफींना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून धाकट्या फुफी जाणार आहेत. गाडी कोण काढणार असे अब्बा विचारत होते, तर भाऊ म्हणाला, मी काढतो.