कुंडीतलं जिरेनियम

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारी 2014 ला, जॉन डॉब्सन गेले. वय 98. मला कळलं ते त्याच्या पुढच्या संध्याकाळी, ट्राममध्ये. दुर्बिणीचे आरसे घासणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकाचा फोनवर निरोप आला. दोनच शब्द होते: जॉन गेला. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन नावाची माणसं पायलीला पन्नास, पण कोण जॉन, हे विचारावं लागलं नाही.

घरी बायको शेजाऱ्यांना द्यायचे तिळाचे लाडू डब्यात भरत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, ‘‘कोण गेलं?’’ सांगितलं. ‘‘तुझ्या ओळखीचे होते?’’ नव्हते. उभ्या आयुष्यात मी त्यांना एकदाही भेटलेलो नाही. ‘‘मग?’’ या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेवणही गेलं नाही.

बाहेर पौष पौर्णिमेचा चंद्र लख्ख होता. जानेवारी म्हणजे इथला पावसाळा, पण ढगाचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरांनी कॅलिफोर्नियात दुष्काळ जाहीर केला. दुष्काळ म्हणजे आम्हा दुर्बीणवाल्यांचा सुकाळ, पण माझं गाव माणदेशातलं. असलं काही बोलायला जीभ रेटत नाही.

डॉब्सन कोण, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसेल. जन्म 1915 चा, बीजिंगचा. बारा वर्षांचे असताना घरची मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला आली. म्हणजे तेही या गावात बाहेरूनच आलेले. बर्कलीला रसायनशास्त्र शिकले आणि 1944 साली इथल्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. 1900 साली स्वामी विवेकानंद या गावात व्याख्यानं देऊन गेले, त्यातून उभी राहिलेली ही सोसायटी. त्याच 1944 साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, हौशी आकाशनिरीक्षकांची आपल्याकडची सर्वांत जुनी संस्था. योगायोगच, पण मला तो फार आवडतो. पुण्यातली माणसं दुर्बिणीकडे निघाली त्याच वर्षी हा गोरा पदवीधर उपनिषदांकडे निघाला होता.

मठात त्यांच्याकडे जी कामं होती त्यात खगोलशास्त्र आणि वेदान्त यांचा मेळ घालणं हे एक होतं. मेळ घालायचा तर विश्व बघायला हवं, आणि बघायला दुर्बीण हवी. संन्याशाकडे पैसे कुठले? 1956 साली त्यांनी जहाजाच्या गोल खिडकीची भंगारातली जाड काच मिळवली आणि तिचा 12 इंची आरसा घासला. त्यातून वद्य अष्टमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र पाहिला. पाहिल्यावर त्यांच्या मनात आलं, हे सगळ्यांनी पाहिलं पाहिजे.

घोटाळा झाला तो इथे. तोच चंद्र त्यांनी एकट्याने पाहिला असता तर ती साधना ठरली असती आणि मठात कुणाची हरकत नसती. पण सॅक्रमेंटोच्या शाखेत असताना ते दुर्बिणीला चाकं लावून रात्री गल्लीबोळांतून ढकलत नेऊ लागले. पोरंटोरं जमू लागली. स्वामी जागेवर नाहीत, अशी कुरबुर सुरू झाली. बाहेरच्या मित्रांना दुर्बिणीबद्दल पत्रं लिहायची तर उघड लिहिण्याची सोय राहिली नाही. मग त्यांनी खुणेची भाषा काढली. दुर्बीण म्हणजे जिरेनियम. नळीत आणि पेटीत बसवलेली दुर्बीण म्हणजे कुंडीतलं जिरेनियम. आरशाला चकाकीचा मुलामा चढून दुर्बीण तयार झाली, की जिरेनियम फुललं. मठातला एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस चोरून फुलझाडांची पत्रं लिहितोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

1967 साली त्यांना मठ सोडावा लागला. तेवीस वर्षं तिथे काढल्यावर माणूस रिकाम्या हाताने रस्त्यावर आला आणि रस्त्यावरच राहिला. पुढच्या वर्षी दोन विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडली. फुटपाथवरचे खगोलप्रेमी, असं संस्थेचं नावच ठेवलं. मठाशी उभा दावा मात्र धरला नाही. उतारवयात वर्षातले दोन महिने ते हॉलीवूडच्या वेदान्त केंद्रात पाहुणे म्हणून राहायचे आणि तिथेच दुर्बिणी करायला शिकवायचे.

त्यांची दुर्बीण दिसायला अगदी गबाळी. सिमेंटचे खांब ओतायला वापरतात ती पुठ्ठ्याची जाड नळी, प्लायवूडची पेटी, आणि नळी अडकू नये म्हणून टेकूच्या जागी टेफ्लॉनचे तुकडे. बोटाने ढकलली की सरकते, बोट काढलं की थांबते. त्याआधी हौशी माणसाची दुर्बीण लोखंडी वजनांच्या जड स्टँडवर बसायची, त्यामुळे मोठा आरसा परवडायचा नाही आणि उचलायचाही नाही. डॉब्सननी स्टँडचं ओझंच काढून टाकलं. यात नवं काही नाही, शेकडो वर्षं तोफा अशाच गाड्यांवर बसवत आलेत, असं ते म्हणत. पेटंट घेतलं नाही. आज जगभरचे कारखाने ही दुर्बीण बनवतात, दुकानात ती ‘डॉब्सोनियन’ म्हणूनच मिळते, आणि ज्याचं नाव त्याला त्यातला एक सेंटही कधी मिळाला नाही.

सगळंच बरोबर होतं असंही नाही. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना मान्य नव्हता. तो आपल्या जयंत नारळीकरांनाही मान्य नव्हता, पण नारळीकर गणित मांडून भांडत; डॉब्सन शंकराचार्यांना मदतीला बोलवत. खगोलशास्त्रज्ञांना ते पटत नसे. दुर्बीण बघायला आलेल्यांना मात्र हे प्रवचन फुकटात मिळे.

माझा आणि दुर्बिणीचा संबंध तसा जुना, पण कुलपाआडून. 1986 साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी शाळेत होतो. शाळेच्या कपाटात पितळी दुर्बीण होती आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. ‘हात लावायचा नाही’ एवढंच मी तिच्याबद्दल शिकलो. धूमकेतू आला आणि गेला, कपाट उघडलं नाही.

2003 साली या गावात आलो. पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी घरी चालत येताना कोपऱ्यावर एक म्हातारी बाई पुठ्ठ्याच्या भल्या मोठ्या नळीशेजारी उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत होती, चंद्र बघून जा. मी आधी खिशात हात घातला, किती पैसे म्हणून विचारलं. ती हसली आणि मला स्टुलाकडे ढकललं. आयपीसला डोळा लावला. विवरांच्या कडा इतक्या धारदार होत्या की मी नकळत मागे सरलो. ‘‘हात लावू का?’’ मी विचारलं. ‘‘लावल्याशिवाय चंद्र निघून जाईल की,’’ ती म्हणाली.

पुढे ओकलंडच्या शाबो विज्ञान केंद्रात शुक्रवारी संध्याकाळी चालणाऱ्या कार्यशाळेत मी स्वतःचा 8 इंची आरसा घासला. दोन गोल काचा एकावर एक, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढे-मागे ढकलायची, थोडी फिरवायची, पुन्हा ढकलायची. आपल्याकडे वाटून वाटून पाट्याला खळगा पडतो. इथे खळगा पडतो तो वरच्या काचेला, खालची फुगत जाते. सुरुवातीला आवाज खरखर येतो, पूड बारीक होत गेली की नुसती कुजबुज उरते. मग राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइड घेऊन पॉलिश. सात महिने माझे शुक्रवार त्यात गेले. एवढं करून आरशाच्या मध्यावर पडलेला खळगा किती? दोन मिलिमीटर. गुरूचे चंद्र, शनीची कडी, सगळं त्या दोन मिलिमीटरमध्ये मावतं.

या दुर्बिणीने मला आणखी एक गोष्ट दिली. परक्या गावात फुटपाथवर उभं राहायला कारण लागतं. आपल्याकडे नाक्यावर, पारावर तासभर उभं राहिलं तरी कुणी काही विचारत नाही. फार तर कुणीतरी चहा सांगतं. इथे सावळा माणूस काळोखात कोपऱ्यावर नुसता उभा राहिला, की समोरच्या खिडकीतला पडदा हलतो. सगळे चालत असतात, आपणही चालत राहायचं. पहिली पाच वर्षं मी या गावात नुसता चालत होतो. दुर्बीण घेऊन उभा राहिलो त्या रात्री मला पहिल्यांदा कुणीतरी वाट विचारली. कुणीतरी कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात दिला आणि स्वतः वाकून बघायला लागला. गाव आपलं होतं ते घर घेतल्याने नाही. त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून कुणाला काही देता आलं, की होतं.

2012 च्या मे महिन्यात आई इथे होती. तिला शनी दाखवला. बराच वेळ बघत राहिली, मग नळीच्या तोंडाशी जाऊन आत डोकावली. ‘‘चित्र चिकटवलंयस ना रे आत?’’ नाही म्हटल्यावर पुन्हा बघितलं. ‘‘अगं बाई! आणि याची साडेसाती?’’ असं म्हणत तिने हात जोडले. मागे रांगेत उभ्या असलेल्या मेक्सिकन बाईला काय वाटलं कोण जाणे, तिने बघून झाल्यावर आईसारखेच हात जोडले.

आप्त गेला तर आपल्याकडे रीत ठरलेली असते. दहा दिवस सुतक, तेरावं, जेवण. छंदातला वडीलधारा गेला तर काय करायचं? नातं नाही, ओळख नाही, सुतक धरायचं कुणाचं? यावर ठिकठिकाणच्या दुर्बीणवाल्यांना एकच सुचलं. 8 मार्चला आंतरराष्ट्रीय फुटपाथ-खगोल रात्र होती, ती डॉब्सनच्या नावाने करायची. तेरावं थोडं उशिरा झालं म्हणायचं.

त्या संध्याकाळी आम्ही नाइन्थ अ‍ॅव्हेन्यू आणि आयर्व्हिंगच्या कोपऱ्यावर तीन दुर्बिणी मांडल्या. अष्टमीचा चंद्र डोक्यावर, शेजारी मिथुन राशीत गुरू. फोटो नाही, हार नाही, भाषण नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण फोटो लावला असता तर लोक फोटोकडे बघत बसले असते. दर दहा-पंधरा मिनिटांनी एन ज्यूडा ट्राम वळण घेऊन जायची, फुटपाथ थरथरायचा आणि आयपीसमधला गुरू चार चंद्रांसकट नाचायचा. रांगेतले लोक ओरडायचे, थांबा, ट्राम जाऊ द्या. पिझ्झाची खोकी घेतलेला पोरगा दोनदा बघून गेला. चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांसाठी आम्ही नळी इतकी खाली वाकवली की चंद्र निसटला. मग दुर्बीणच पेटीसकट फुटपाथवरून खाली उतरवली, तेव्हा जमलं. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘‘हात लावू का?’’ लाव म्हटलं. तिने बोटाने नळी सरकवली आणि चंद्र आपला आपण शोधला.

त्या रात्री घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे जायची होती, म्हणून आवरतं घेतलं. आरशावर झाकण घातलं, नळी आडवी केली, पेटी गाडीच्या डिकीत टाकली. आमच्यातल्या एकीला मोजायची सवय आहे. तिने वही काढून सांगितलं, माझ्या दुर्बिणीशी 71 माणसं येऊन गेली. आपण कुणाच्या तेराव्याला आलो आहोत, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही.